टर्मिनलमधून पीडीएफ आणि एडिटर उघडणे: खिडकी कधी टर्मिनलला अडवते, कधी लगेच सोडते, असे का?

अर्धविराम

गेली चार वर्षे मी मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन आणि पानजुळणी घरून करतो. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये असतो, झीलाटेक त्याची पीडीएफ तयार करते आणि प्रत्येक फेरीतल्या दुरुस्त्यांची नोंद गिटमध्ये राहते. त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ उबुंटूच्या टर्मिनलमध्येच जातो. मात्र टर्मिनलमध्ये मराठी मजकूर धड दिसत नाही. ‘किल्ल्यावरील’ या शब्दाची पहिली वेलांटी एकीकडे, जोडाक्षर दुसरीकडे आणि कर्सर तिसरीकडेच, अशी अवस्था होते. म्हणून मजकूर लिहिण्यासाठी आणि पाने पाहण्यासाठी मी डेस्कटॉपचेच प्रोग्रॅम वापरतो, पण ते उघडतो टर्मिनलमधून, कारण त्या फोल्डरमध्ये मी आधीच बसलेला असतो. या पद्धतीत तीन गोष्टी मला वारंवार छळतात.

पहिली गोष्ट अशी की ‘जीएडिट प्रकरण-३.टेक’ अशी कमांड दिली की कधी ती खिडकी बंद करेपर्यंत टर्मिनल अडून बसते आणि कधी लगेच मोकळे होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. परवा काम संपल्यावर मी एक टर्मिनल बंद केले, तर त्याबरोबर एडिटरही नाहीसा झाला आणि जतन न केलेली प्रस्तावना त्यात गेली. त्याच दिवशी सकाळी दुसरे टर्मिनल बंद केले होते, तेव्हा मात्र काहीच झाले नव्हते. तिसरी गोष्ट गिटची आहे. नोंदीचा संदेश लिहिण्यासाठी मी गिटला व्हीएस कोड वापरायला सांगितले. आता खिडकी उघडते, पण मी एक अक्षर लिहिण्याच्या आतच ‘संदेश रिकामा असल्यामुळे नोंद रद्द केली’ असे सांगून गिट मोकळे होते.

जाणकारांनी कृपया कारणासह सांगावे, कारण नुसता उपाय मी आठवड्याभरात विसरतो. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या तरी चालतील. टंकताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकायच्या आहेत, हे सर्वांना ठाऊक आहेच.

रविवारची_सुटी

फाइलवर माउसने दोनदा टिचकी मारली की ती उघडते. हा शोध आमच्या घरी बऱ्याच वर्षांपूर्वी लागला आहे.

टंकनिका

रविवारची_सुटी, दोनशे प्रकरणांच्या फोल्डरमध्ये ज्या फाइलींत ‘उज्वल’ असे चुकीचे लिहिले आहे तेवढ्याच उघडून दाखवा, असे सांगितले तर टिचकी मारून बोट झिजेल. टर्मिनलमध्ये ग्रेपने शोधून ती यादी थेट एडिटरकडे देता येते.

अर्धविराम, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे मूळ एकच आहे. जीएडिट आणि जीनोम डेस्कटॉपचे बहुतेक प्रोग्रॅम एका वेळी स्वतःची एकच प्रत चालवतात. तुम्ही पहिल्यांदा कमांड देता तेव्हा त्या टर्मिनलमध्ये खरा प्रोग्रॅम सुरू होतो आणि तो संपेपर्यंत टर्मिनल वाट पाहते. त्यानंतर दुसऱ्या टर्मिनलमधून तीच कमांड दिली की नवी प्रोसेस फक्त चौकशी करते, आधीची प्रत चालू असल्याचे तिला कळते, फाइलचे नाव ती डी-बसवरून, म्हणजे प्रोग्रॅमांच्या आपसातल्या निरोपांच्या वाहिनीवरून, त्या प्रतीला कळवते आणि स्वतः संपते. म्हणून दुसरे टर्मिनल लगेच मोकळे होते. फाइल उघडली दोन्ही वेळा, पण दुसऱ्या वेळी तुमची कमांड केवळ निरोप्या होती.

आता हेच दुसऱ्या प्रश्नाला लावून पाहा. सकाळी तुम्ही बंद केले ते निरोप्याचे टर्मिनल होते, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. नंतर बंद केले ते मूळ प्रतीचे टर्मिनल होते. त्याच्याबरोबर ती प्रत गेली आणि तिच्यात इतर टर्मिनलांमधून उघडलेल्या सर्व फाइलीही गेल्या. तुमची प्रस्तावना कदाचित दुसऱ्याच टर्मिनलमधून उघडलेली असेल.

अर्धविराम

टंकनिकाताई, अगदी तसेच झाले होते. प्रस्तावना दुसऱ्या टर्मिनलमधून उघडली होती आणि ते टर्मिनल तर शेवटपर्यंत उघडेच होते, म्हणूनच मला काही कळेना. मात्र मी कमांडच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह दिले होते. ते दिल्यावर प्रोग्रॅम टर्मिनलपासून सुटतो, असा माझा समज होता.

जुनाखांब

तो समज फार जणांचा असतो. ‘&’ ने प्रोग्रॅम पार्श्वभूमीत जातो आणि टर्मिनल तुम्हाला पुढची कमांड देऊ देते, एवढेच. टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचून चालवते ती शेल, उबुंटूवर बहुधा बॅश. आपला प्रोग्रॅम त्या शेलच्या कामांच्या यादीत राहतोच. ‘जॉब्ज’ ही कमांड देऊन पाहा, तो तेथे दिसेल. टर्मिनलची खिडकी फुलीवर टिचकी मारून बंद केली की शेलला ‘हँगअप’ नावाचा सिग्नल मिळतो आणि बॅश तो सिग्नल आपल्या यादीतल्या सर्व कामांना पुढे पाठवते. हे नाव दूरध्वनीच्या काळातले आहे. टर्मिनल मोडेमवरून जोडलेले असे आणि पलीकडच्याने रिसीव्हर ठेवला, तर त्याने सुरू केलेले प्रोग्रॅम बंद करणे योग्यच होते. आजचा डेस्कटॉप एडिटर हा सिग्नल मिळाला की बहुधा तत्काळ संपतो आणि ‘जतन करायचे का?’ असे विचारतही नाही.

आणखी एक बारकावा असा की ‘&’ न देता प्रोग्रॅम चालू असेल, तर जीनोम टर्मिनल बंद करताना इशारा देते. ‘&’ दिले असेल तर देत नाही, कारण टर्मिनलच्या दृष्टीने पुढ्यात काहीच चाललेले नसते. म्हणजे ज्या चिन्हाने तुम्हाला सुरक्षित वाटले, त्याच चिन्हाने इशाराही गेला.

पोफळी

जुनाखांब यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. मी कायम ‘&’ देऊन एव्हिन्स हा पीडीएफ-दर्शक उघडते, टर्मिनल बंद करते आणि पीडीएफ उघडीच राहते. हे मी शेकडो वेळा केले आहे.

जुनाखांब

पोफळी, टर्मिनल आपण फुलीने बंद करता की ‘एक्झिट’ लिहून?

पोफळी

‘एक्झिट’ लिहून. माउसला हात लावायचा नाही, हा माझा बाणा आहे.

जुनाखांब

मग आपले दोघांचेही खरे आहे. ‘एक्झिट’ लिहिल्यावर बॅश स्वतःहून संपते आणि तेव्हा ती पार्श्वभूमीतल्या कामांना हँगअप पाठवत नाही. तसे हवे असेल, तर ‘हप-ऑन-एक्झिट’ हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. झेडशेलमध्ये मात्र उलटे आहे. ती ‘एक्झिट’ म्हटल्यावर आधी कामे चालू असल्याचे सांगते आणि पुन्हा ‘एक्झिट’ म्हटले, की हँगअप पाठवूनच जाते. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेल हीच मूळ शेल आहे, म्हणून बॅशची सवय घेऊन तेथे गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

गोठलेला_कर्सर

माझा अनुभव सांगतो. एका दिवाळी अंकाचे काम शेवटच्या टप्प्यात असताना मी ‘&’ न देता एडिटर उघडला होता. टर्मिनल मोकळे करावे म्हणून मी त्यात कंट्रोल-झेड दाबले. टर्मिनल मोकळे झाले, पण एडिटरची खिडकी पुतळ्यासारखी स्तब्ध झाली. कळ दाबावी तर अक्षर उमटत नाही आणि मेनू उघडावा तर उघडत नाही. संगणक बिघडला असे समजून मी बटण दाबून तो बंद केला आणि चार पानांचा लेख घालवला.

पुढे एका सहकाऱ्याने सांगितले की कंट्रोल-झेड प्रोग्रॅमला पार्श्वभूमीत पाठवत नाही, तर जागच्या जागी थांबवते. नंतर टर्मिनलमध्ये फक्त ‘बीजी’ ही दोन अक्षरे लिहिली असती, तर ती खिडकी जिवंत झाली असती. त्या दिवसापासून हे टोपणनाव घेतले आहे.

टंकनिका

आता उपाय. आधीच उघडलेला प्रोग्रॅम शेलच्या यादीतून काढायचा असेल, तर कंट्रोल-झेड, मग ‘बीजी’ आणि मग ‘डिसओन’, असा क्रम आहे. ‘डिसओन’ केल्यावर बॅश त्या कामाला विसरते आणि हँगअप पाठवत नाही. नव्याने उघडायचा असेल, तर मला सर्वांत स्वच्छ वाटते ते ‘सेटसिड’:

सेटसिड -एफ जीएडिट प्रकरण-३.टेक

यात प्रोग्रॅम स्वतःच्या स्वतंत्र सत्रात सुरू होतो, टर्मिनलशी त्याचा संबंधच राहत नाही आणि कमांड लगेच परतते. ‘नोहप’ही चालते, पण ते प्रोग्रॅमची बडबड ‘नोहप.आउट’ नावाच्या फाइलीत साठवते आणि महिन्याभराने प्रत्येक फोल्डरमध्ये अशी एकेक फाइल सापडते. ती बडबड, म्हणजे खिडक्या रेखाटणाऱ्या जीटीकेचे ते न संपणारे इशारे, नको असतील तर शेवटी ‘>/डेव्ह/नल २>&१’ जोडावे.

अर्धविराम, तुमचे काम मौल्यवान आहे म्हणून सुचवते की केट हा एडिटर वापरून पाहा. केट जतन न केलेले बदल शेजारीच एका लपलेल्या स्वॅप फाइलीत लिहीत राहते आणि पुढच्या वेळी ती फाइल उघडताच ते परत घ्यायचे का, असे विचारते. व्हिमही हँगअप मिळाल्यावर स्वॅप फाइल मागे ठेवते.

कानामात्रा

तिसरा प्रश्न राहिला आहे. गिट तुमचा एडिटर सुरू करते, तो संपण्याची वाट पाहते आणि संपला की संदेशाची फाइल वाचते. व्हीएस कोडची ‘कोड’ ही कमांड फाइल खिडकीकडे सोपवून लगेच परतते, म्हणजे पुन्हा तोच निरोप्या. गिटला वाटते की तुमचे लिहून झाले. ते फाइल उघडून पाहते तर ती रिकामी असते. म्हणून गिटला असे सांगावे:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एडिटर "कोड --वेट"

‘--वेट’ दिल्यावर ती कमांड त्या फाइलीचा टॅब बंद होईपर्यंत परतत नाही. जीएडिटलाही ‘--वेट’ चालते, केटला ‘--ब्लॉक’ लागते आणि जीव्हिमला ‘-एफ’ द्यावे लागते, नाहीतर तेही स्वतःला टर्मिनलपासून तोडून घेते. फेडोराच्या किंवा उबुंटूच्या नव्या आवृत्तीत जीएडिट आढळणार नाही, कारण जीनोम ४२ पासून, म्हणजे २०२२ पासून, त्याच्या जागी जीनोम टेक्स्ट एडिटर आला आहे. त्याला ‘--स्टँडअलोन’ द्यावे.

हाच नियम ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी बदलणाऱ्या ‘क्रॉनटॅब -ई’ला आणि प्रणालीच्या संरक्षित फाइली दुरुस्त करणाऱ्या ‘सुडोएडिट’लाही लागू पडतो. सुडोएडिट मूळ फाइलीची तात्पुरती प्रत काढते, ती तुमच्याच खात्यातल्या एडिटरमध्ये उघडते आणि एडिटर संपला की प्रत मूळ जागी लिहिते. एडिटर थांबलाच नाही, तर फाइलीत काहीही बदल झालेला नाही असे ते सांगते आणि तुम्ही अजून टंकतच असता. तरीही ‘सुडो जीएडिट’ लिहिण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे. ‘सुडो जीएडिट’मुळे घरच्या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलींची मालकी कधी कधी रूट या प्रशासक खात्याकडे जाते आणि पुढे आपल्याच एडिटरला स्वतःची सेटिंगे जतन करता येत नाहीत.

अर्धविराम

म्हणजे वाचायला उघडताना टर्मिनलने थांबू नये असे मला वाटते आणि गिटसाठी लिहिताना त्याने थांबलेच पाहिजे. मी आतापर्यंत दोन्हींसाठी एकच कमांड शोधत होतो.

कोणता एडिटर उघडायचा हे प्रोग्रॅमांना सांगणारी ‘एडिटर’ आणि ‘व्हिज्युअल’ अशी दोन व्हेरिएबल्स असतात, त्यांपैकी कोणते ठेवावे?

जुनाखांब

दोन्हींत एकच ठेवावे. जुन्या काळी टर्मिनल म्हणजे कागदावर टंकणारे यंत्र होते, तेव्हा ‘ईडी’सारखा एकेक ओळ दुरुस्त करणारा एडिटर ‘एडिटर’मध्ये असे. पडद्याची टर्मिनले आल्यावर १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला; असा पूर्ण पडदा वापरणारा एडिटर ‘व्हिज्युअल’मध्ये ठेवायचा संकेत पडला. गिट आधी ‘गिट-एडिटर’ पाहते, मग आपली ‘कोअर.एडिटर’ ही सेटिंग, मग ‘व्हिज्युअल’, मग ‘एडिटर’ आणि काहीच सापडले नाही तर बहुधा व्हीआय उघडते. त्यातून बाहेर कसे पडायचे हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

रविवारची_सुटी

तो धागा मी काढला होता. मी अजून बाहेर पडलेलो नाही.

निळीशाई

टंकनिकाताई आणि इतरांनी प्रत्येक प्रोग्रॅमचे नाव घेऊन सांगितले, पण मी एकच कमांड वापरते: ‘एक्सडीजी-ओपन’. ही २००६ मध्ये पोर्टलंड नावाच्या प्रकल्पातून आली. मुळात ती एक शेल-स्क्रिप्ट आहे. कोणता डेस्कटॉप चालू आहे हे ती ओळखते आणि जीनोममध्ये असाल तर जीनोमच्या, केडीईत असाल तर केडीईच्या साधनाकडे फाइल सोपवते. पीडीएफ असो, चित्र असो की टेक्स्ट, प्रोग्रॅमचे नाव लक्षात ठेवावे लागत नाही.

हिच्या दोन मर्यादा आहेत. एका वेळी ती एकच फाइल घेते, ‘*.पीडीएफ’ दिले आणि फाइली अनेक असल्या तर ती तक्रार करते. शिवाय पान क्रमांक वगैरे पर्याय तिच्यामार्फत दर्शकापर्यंत पोहोचवता येत नाहीत. पीडीएफ भलत्याच चित्र-संपादकात उघडू लागल्या तर आधी विचारावे:

एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट ॲप्लिकेशन/पीडीएफ

उत्तरात जे नाव येईल ते नको असेल, तर ‘एक्सडीजी-माइम डिफॉल्ट’ने बदलावे. तो बदल घरच्या ‘.कॉन्फिग’ फोल्डरमधल्या ‘माइमॲप्स.लिस्ट’ या साध्या टेक्स्ट फाइलीत लिहिला जातो आणि हातानेही दुरुस्त करता येतो.

कानामात्रा

मुद्रितशोधनाला मात्र पान क्रमांक हवाच, म्हणून तेथे दर्शकाचे नाव घ्यावेच लागते. एव्हिन्समध्ये दोन पर्याय आहेत आणि त्यांतला फरक पुस्तकवाल्यांना चटकन समजेल. ‘-आय १३’ म्हणजे फाइलीतले तेरावे पान. ‘-पी १’ म्हणजे ज्या पानावर ‘१’ हा क्रमांक छापला आहे ते पान, अर्थात पीडीएफमध्ये तशी पानांची नावे नोंदवलेली असतील तर. अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका यांना वेगळे क्रमांक दिलेले असले, की ही दोन पाने वेगळी पडतात. लेखक फोनवर ‘पान ४७’ म्हणतात, तेव्हा त्यांना ‘-पी’ अभिप्रेत असते. ओक्युलरमध्येही ‘-पी’ आहे, झथुरामध्ये मात्र मोठा पी लागतो. जीनोम ४९ पासून एव्हिन्सच्या जागी पेपर्स हा दर्शक आला आहे, त्यामुळे नव्या यंत्रावर आधी त्याचे पर्याय ‘--हेल्प’ने पाहून घ्यावेत.

एव्हिन्सला ‘--फाइंड’ देऊन शब्दही शोधता येतो, पण जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांतल्या पीडीएफवर हा प्रयत्न करू नये. डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसते, पण फाइलीच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे भरलेली असतात, म्हणून शोध रिकाम्या हाताने परततो.

तळटीप_तज्ज्ञ

ओळ क्रमांकाचेही असेच आहे. ‘जीएडिट +१२०’, ‘केट -एल १२०’ किंवा ‘कोड -जी फाइल:१२०:१५’ असे दिले की कर्सर त्या ओळीवर जाऊन बसतो. मी रिपग्रेप या शोधणाऱ्या कमांडच्या उत्तरातून ओळ आणि स्तंभ उचलून थेट व्हीएस कोडला देणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. इंग्रजी फाइलींवर ती अचूक चाले, मराठी फाइलींवर मात्र कर्सर नेहमी शब्दाच्या पुष्कळ पुढे जाऊन पडे. कारण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. रिपग्रेप स्तंभ बाइटांमध्ये मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक काना, मात्रा आणि अक्षर तीन तीन बाइट घेते. एडिटर मात्र तो आकडा अक्षरांचा समजतो, म्हणून कर्सर जवळजवळ तिप्पट अंतर चालून जातो. मी स्तंभ सोडून दिला आणि नुसता ओळ क्रमांक देऊ लागलो.

सांगावा

मी मॅकवर काम करतो, त्यामुळे तेथले सांगतो. ‘ओपन’ ही कमांड नेक्स्टस्टेप या मॅकच्या पूर्वज प्रणालीपासून चालत आली आहे. ‘ओपन अहवाल.पीडीएफ’ म्हटले की ठरलेल्या प्रोग्रॅममध्ये, ‘-ए प्रिव्ह्यू’ जोडले की प्रिव्ह्यूमध्ये, ‘-टी’ने ठरलेल्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडते आणि ‘-आर’ने (मोठा आर) ती फाइंडरमध्ये दाखवली जाते. ही कमांड अनेक फाइली एकदम घेते आणि प्रोग्रॅम शेलच्या पोटी जन्मत नाही, तो प्रणालीच सुरू करते; म्हणून टर्मिनल बंद केल्यावर एडिटर गेला, हा प्रश्न तेथे येत नाही. थांबायला लावायचे असेल तर ‘-डब्ल्यू’ (हाही मोठा) आहे, पण तो पूर्ण प्रोग्रॅम बंद होण्याची वाट पाहतो, केवळ ती फाइल बंद करून भागत नाही.

विंडोजवर ‘स्टार्ट’ आहे, त्यात एक खोच आहे. नावात मोकळी जागा असल्यामुळे अवतरणचिन्हे घालून ‘स्टार्ट "अंतिम मसुदा.पीडीएफ"’ लिहिले, तर फाइल न उघडता एक नवी काळी खिडकी उघडते, कारण अवतरणातला पहिला मजकूर ‘स्टार्ट’ त्या खिडकीचे शीर्षक समजते. म्हणून आधी रिकामी अवतरणे द्यावी लागतात:

स्टार्ट "" "अंतिम मसुदा.पीडीएफ"

पोफळी

मॅकचा विषय निघाला म्हणून विचारते. माझ्या सहसंपादकांकडून जुन्या मॅकवरच्या फाइली येतात. त्यांतली ‘तिसऱ्या-फेरीची-प्रुफे.पीडीएफ’ ही फाइल माझ्या लिनक्सच्या फोल्डरमध्ये दिसते, पण नाव टंकून एव्हिन्सला दिले तर ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते. ‘दुसरी-प्रुफे.पीडीएफ’ मात्र बिनबोभाट उघडते. तिसऱ्या फेरीशी या संगणकाचे काय वाकडे आहे?

कानामात्रा

वाकडे ‘ऱ’शी आहे, आणि हा खास मराठीचा गुंता आहे. ‘तिसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ०९३१ क्रमांकाचे एकच अक्षर आणि दुसरा म्हणजे साधा ‘र’ अधिक खालचा नुक्ता. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावातले असे प्रत्येक अक्षर फोडून साठवत असे. लिनक्स नावाकडे फक्त बाइटांची माळ म्हणून पाहते. तुम्ही टंकलेला ‘ऱ’ तीन बाइटांचा असतो, फाइलीच्या नावातला सहा बाइटांचा असतो, म्हणून नाव जुळत नाही. मॅकवरच्या २०१७ नंतरच्या एपीएफएसमध्ये अशी दोन्ही रूपे एकच मानली जातात, त्यामुळे तुमच्या सहसंपादकांना हा त्रास कदाचित कधीच जाणवणार नाही.

तिसरे रूपही आहे. काही ध्वन्यात्मक कळफलक ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असे लिहून तोच आकार उमटवतात. म्हणजे एकाच फोल्डरमध्ये सारख्याच दिसणाऱ्या नावाच्या तीन वेगवेगळ्या फाइली सुखाने नांदू शकतात. ‘कॉन्व्हएमव्ही’ ही कमांड ‘--एनएफसी’ देऊन चालवली तर पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे नाव मात्र हातानेच बदलावे लागते.

टंकनिका

तात्पुरता उपाय याहून सोपा आहे. नावाचे ‘ति’ एवढेच टंकून टॅब दाबावे. उरलेले नाव शेल फाइलीवरूनच उचलते, त्यामुळे ते ज्या रूपात असेल त्याच रूपात येते.

शून्याधारित

मी देवनागरी नावांचा वेगळाच फायदा घेतला आहे. बॅशमध्ये एलियस, म्हणजे लांब कमांडचे टोपणनाव, देवनागरीत ठेवता येते. माझ्या ‘.बॅशआरसी’ या बॅशच्या सेटिंगच्या फाइलीत या दोन ओळी आहेत:

एलियस वाच='सेटसिड -एफ एक्सडीजी-ओपन >/डेव्ह/नल २>&१'
एलियस लिही='सेटसिड -एफ केट >/डेव्ह/नल २>&१'

त्यानंतर मी टर्मिनलमध्ये ‘वाच प्रस्तावना.पीडीएफ’ असे लिहितो. हौस म्हणून सुरू केले होते, पण टिकले ते सोयीमुळे. फाइलींची नावे मराठीत असली की कमांड रोमन आणि नाव देवनागरी, असा कळफलक दर वेळी बदलावा लागतो. येथे तो बदलावा लागत नाही. अडचण एकच आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तिरक्या रेघेच्या जागी ‘य’ असतो, त्यामुळे फोल्डरचा मार्ग लिहिताना आधी सारखे ‘प्रकरणेयतिसरे’ असे होई. टंकनिकाताईंच्या टॅबने तीही अडचण सुटते, कारण फोल्डरचे नाव पूर्ण झाले की पुढची रेघ शेल स्वतःच घालते.

जुनाखांब

शून्याधारित, कल्पना सुरेख आहे. मात्र दुसऱ्याच्या यंत्रावर बसलात की तुम्ही निरक्षर.

शून्याधारित

दुसऱ्याच्या यंत्रावर मी पाहुणा असतो, आणि पाहुण्याने लोकांची कागदपत्रे उघडू नयेत.

तळटीप_तज्ज्ञ

एक सूचना राहून गेली. पीडीएफ-दर्शक स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज-पद्धतीतून बसवलेला असेल, तर ‘/टीएमपी’ फोल्डरमधली फाइल त्याला दिसत नाही, कारण स्नॅपच्या प्रोग्रॅमला त्याचे स्वतःचे खासगी ‘/टीएमपी’ मिळते. झीलाटेकची पीडीएफ तेथे तयार होत असेल, तर ती फाइल समोर असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर येईल. पीडीएफ घरच्या फोल्डरमध्ये, न लपवलेल्या जागी ठेवावी.

अर्धविराम

सर्वांचे आभार. कालचा दिवस मी प्रयोगात घालवला. ‘सेटसिड’ने उघडलेला एडिटर टर्मिनल फुलीने बंद करूनही जागचा हलला नाही. जतन न केलेल्या दोन ओळी घालून हे मी तीन वेळा तपासले, कारण आता माझा कोणावरच विश्वास उरलेला नाही. वाचण्यासाठी शून्याधारित यांचा ‘वाच’ घेतला आहे, पान क्रमांक हवा असेल तेव्हा एव्हिन्सचे ‘-पी’ वापरतो आणि लिहिण्यासाठी केटकडे वळलो आहे.

गिटला ‘कोड --वेट’ सांगितले आणि नोंद पहिल्याच प्रयत्नात झाली. दुसऱ्या प्रयत्नात मात्र संदेश लिहून, जतन करून मी टॅब बंद न करताच चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर टर्मिनल तसेच अडलेले. गिट बिघडले या समजुतीने मी अर्धा तास कारणे शोधत बसलो, तेव्हा कोठे तो उघडा टॅब दिसला.

गोठलेला_कर्सर

त्या अर्ध्या तासात आपण टर्मिनलमध्ये कंट्रोल-झेड तर दाबले नाही ना?

अर्धविराम

दाबले होते.

गोठलेला_कर्सर

‘एफजी’ लिहा आणि मग टॅब बंद करा. नोंद अजून होऊ शकेल.